वाचकांचे प्रश्न : ग्रब बसत नाही तेव्हा

विंडोज १० ची अधिकृत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एका दिवसात 'जुनी' ठरली. ती यंत्रे लिनक्सवर नेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. पार्टिशने होतात, फायली उतरतात, वेळक्षेत्र आणि कळफलक निवडून होतो, आणि अगदी शेवटी ग्रब हा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच लिनक्स शोधून चालू करणारा प्रोग्रॅम, बसवताना गाडे अडते. या वेळी त्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. आज्ञा, फोल्डर आणि संदेश येथे उच्चाराप्रमाणे छापले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच मूळ रोमन वर्णांत लिहावेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात २०११ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यातील जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची नवी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट घालायला घेतले. पार्टिशने मी स्वतः हाताने केली. शेवटी 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए फेल्ड, धिस इज अ फेटल एरर' असा संदेश येतो. मिंटची प्रत पुन्हा उतरवून पाहिली, दुसरा पेनड्राइव्ह वापरून पाहिला, तरी तेच. दुकानदार सांगतात की मदरबोर्ड जुना असल्यामुळे त्यावर लिनक्स चालणार नाही. यात तथ्य किती? — एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : मदरबोर्ड जुना आहे एवढेच त्यात तथ्य. पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या ज्या लाइव्ह सत्रातून तुम्ही इन्स्टॉलर चालवलात ते सत्र त्याच मदरबोर्डवर चालले, म्हणजे लिनक्स त्यावर चालते हे तुम्ही आधीच सिद्ध केले आहे. अडचण आहे ती बंद यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांची.

तुम्ही लिहून पाठवलेला संदेश फक्त निकाल सांगतो, कारण सांगत नाही. कारण त्याच्या काही ओळी वर, इन्स्टॉलरच्या नोंदींमध्ये असते. मिंटच्या लाइव्ह सत्रात /वार/लॉग या फोल्डरात सिसलॉग आणि इन्स्टॉलरच्या नोंदी सापडतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा इन्स्टॉलर वापरणाऱ्यांनी आल्ट आणि एफ४ या कळा दाबल्या की चालू नोंदींचा पडदा समोर येतो. तुमच्या बाबतीत तेथे बहुधा असे वाक्य मिळेल की या जीपीटी डिस्कवर 'बायॉस बूट पार्टिशन' नाही, त्यामुळे एम्बेडिंग शक्य होणार नाही. हे वाक्य समजले की पुढचे सगळे सोपे आहे. म्हणून ते थोडे उलगडून सांगतो.

संगणक सुरू करण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत, जुनी बायॉस आणि नवी यूईएफआय. जुन्या बायॉस पद्धतीत मदरबोर्डवरील फर्मवेअरला, म्हणजे त्यात कायम बसवलेल्या प्रोग्रॅमला, फायली वाचता येत नाहीत. ते डिस्कचा केवळ पहिला सेक्टर वाचते आणि त्यात जे सापडेल ते चालवते. हा सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेला जातात, तेव्हा प्रत्यक्ष प्रोग्रॅमसाठी फार तर ४४६ बाइट उरतात. एक्स्ट-४ किंवा बीटीआरएफएससारखी फाइल सिस्टीम वाचून त्यातून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शोधणारा प्रोग्रॅम एवढ्या जागेत मावत नाही. म्हणून ग्रब आपले दोन तुकडे करतो. पहिला छोटा तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये बसतो आणि त्याचे एकच काम असते, ते म्हणजे दुसरा, मोठा तुकडा कोठे आहे हे लक्षात ठेवून तो उचलणे. हा मोठा तुकडा साधारण तीसेक किलोबाइटचा किंवा अधिकही असतो, आणि तो कोणत्याही फाइल सिस्टीमच्या बाहेर, डिस्कवर सलग व न हलणाऱ्या जागी असावा लागतो.

डिस्कवर पार्टिशनांचा तक्ता लिहिण्याच्याही दोन मांडण्या आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुन्या एमबीआर मांडणीत अशी जागा आपोआप मिळते, कारण पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्या मध्ये रिकामी फट असते. जीपीटी मांडणीत मात्र पहिल्या सेक्टरच्या लगेच मागे जीपीटीचा स्वतःचा तक्ता येतो. सेक्टर १ ते ३३ त्यातच जातात. उरलेली फट कोणाच्याही नावावर नसल्यामुळे ग्रब तिचा भरवसा धरत नाही आणि स्वतःसाठी नावानिशी राखलेले पार्टिशन मागतो. तेच बायॉस बूट पार्टिशन. तुमचे यंत्र बायॉस पद्धतीने सुरू होते, नवी एसएसडी तुम्ही जीपीटी मांडणीची केली आणि हाताने पार्टिशने करताना हे एक राहून गेले. २०११ च्या सुमारास यूईएफआय असलेले मदरबोर्ड नुकते कोठे बाजारात रुळत होते, त्यामुळे शाळेच्या यंत्रात ती सोय नसणे स्वाभाविक आहे.

हा तर्क आहे, निदान नव्हे. ते तुम्ही स्वतः दोन पाहण्यांत करू शकता. लाइव्ह सत्रात टर्मिनल उघडून /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का ते पाहावे. ते नसेल तर यंत्र बायॉस पद्धतीने सुरू झाले आहे. मग 'सुडो पार्टेड -एल' ही आज्ञा द्यावी आणि 'पार्टिशन टेबल' या ओळीपुढे जीपीटी लिहिले आहे की एमएसडॉस, ते वाचावे. एमएसडॉस म्हणजेच एमबीआर. या दोन गोष्टी कळल्याशिवाय ग्रब बसवण्याची एकही आज्ञा देऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ग्रब न बसण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतील बहुतेकींत ग्रबमध्ये काही बिघडलेले नसते. यंत्र एका पद्धतीने सुरू झालेले असते आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीसाठी मांडलेली असते.

उपाय दोन आहेत. डिस्क २ टीबीपेक्षा लहान असल्यामुळे आणि तीवर अजून काही मोलाचे नसल्यामुळे तुम्ही जी-पार्टेड या पार्टिशने करण्याच्या साधनात नवा एमएसडॉस तक्ता तयार करून सगळे पुन्हा मांडू शकता. त्यात डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल. किंवा जीपीटी तशीच ठेवून १ एमबीचे एक पार्टिशन काढावे, त्यावर कोणतीही फाइल सिस्टीम घालू नये, ते कोठेही माउंट करू नये (म्हणजे कोणत्याही फोल्डराला जोडू नये) आणि त्याला फक्त 'बायॉस-ग्रब' ही खूण लावावी. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये हाच प्रकार 'रिझर्व्ह्ड बायॉस बूट एरिया' या नावाने मिळतो. स्वॅप पार्टिशन केले असेल तर त्यातून १ एमबी कापून घेणे सर्वांत सोयीचे. इतकीही हलवाहलव नको असेल, तर सेक्टर ३४ ते २०४७ ही फट बहुतेक डिस्कांवर मोकळीच असते. जी-डिस्क या साधनात अलाइनमेंट १ ठेवून तेथेच ईएफ०२ प्रकारचे पार्टिशन करता येते आणि ग्रबला ते पुरते. मी असतो तर शाळेच्या यंत्रासाठी हाच मार्ग घेतला असता, कारण त्यात पुढे मागे डिस्क बदलली तरी मांडणी आधुनिकच राहते.

याच्या उलट घडलेलीही उदाहरणे आहेत. विंडोज एक्सपीच्या काळात मांडलेल्या डिस्कांवर पहिले पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू होई, म्हणजे फट अवघी ६२ सेक्टरांची, सुमारे ३१ केबीची. अशा डिस्कवर बीटीआरएफएस किंवा एलव्हीएम, रेड या डिस्का जोडण्या-विभागण्याच्या रीतींची सोय असलेला ग्रब बसवायला गेले की मोठा तुकडा 'अनयूज्वली लार्ज' असल्याची तक्रार येते. तेथे पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपर्यंत मागे सरकवणे हाच खरा इलाज आहे.

आणखी एक. ग्रब कोठे बसवायचा असे विचारल्यावर बायॉस पद्धतीत संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते, म्हणजे एसडीए, एसडीए१ नव्हे. पार्टिशनचे नाव दिले की 'ब्लॉकलिस्ट'विषयी इशारा येतो आणि आंतरजालावरचे सल्ले तेथे 'फोर्स' हा पर्याय जोडायला सांगतात. तो जोडू नये. त्यात ग्रब आपल्याच फायलींचे डिस्कवरील पत्ते पाठ करून ठेवतो आणि पुढच्या एखाद्या अद्ययावतीकरणात त्या फायली हलल्या की यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. त्याशेजारी उबुंटू घालताना 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड' हे पॅकेज /टार्गेट मध्ये बसू शकले नाही, असे सांगून इन्स्टॉलर बंद पडतो. इंटरनेट जोडून पाहिले, तोडून पाहिले. एकदा विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद केले. आता काय करावे? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : येथे पद्धत दुसरी, यूईएफआयची. या पद्धतीत फर्मवेअरला फॅट फाइल सिस्टीम वाचता येते. त्यामुळे बूटलोडर ही एक साधी फाइल असते, ती 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' नावाच्या छोट्या फॅट पार्टिशनमध्ये ठेवली जाते, आणि त्या फाइलचा पत्ता मदरबोर्डवरील एनव्हीरॅम या स्मृतीत नोंदवला जातो. म्हणजे कामे दोन आहेत : फाइल ठेवणे आणि नोंद करणे. तुमच्याकडे यांपैकी कोणते फसले हे आधी ठरवले पाहिजे, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत आणि वरचा संदेश दोन्ही वेळा सारखाच येतो.

त्याही आधी, पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू झाला ते पाहा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. विंडोज ११ ची डिस्क जीपीटी मांडणीची असते, तेव्हा दुसरी नोंद निवडायला हवी. संगमनेरच्या पत्राला दिलेल्या उत्तरातील फोल्डरची खूण येथेही लागू आहे, फक्त येथे ते फोल्डर असायला हवे.

फाइल ठेवण्याचे काम का फसते? पहिली शक्यता ही की हाताने पार्टिशने करताना ईएफआय सिस्टीम पार्टिशनला /बूट/ईएफआय हे स्थान दिलेच नाही. तेव्हा नोंदींत 'कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी' असे दिसते. हे पार्टिशन विंडोजने आधीच केलेले असते. ते निवडावे, त्याचा वापर ईएफआय सिस्टीम पार्टिशन असा ठेवावा आणि ते फॉरमॅट मात्र कदापि करू नये, कारण विंडोजचा बूटलोडरही त्यातच असतो. दुसरी शक्यता जागेची. विंडोज हे पार्टिशन सहसा १०० एमबीचे करते. ग्रब आणि त्याच्याआधी चालणारा शिम हा छोटा प्रोग्रॅम यांना थोड्याच एमबी लागतात, तरी लॅपटॉप बनवणाऱ्यांनी त्यात फर्मवेअरच्या जुन्या फायली आणि भाषांचे फॉन्ट साठवले असतील तर तीही जागा उरत नाही. 'डीएफ -एच' ही आज्ञा ते लगेच दाखवते. तिसरी शक्यता लोकांच्या ध्यानात येत नाही : फॅट फाइल सिस्टीमला बारीकसा दोष असला, तर लिनक्स ती लिहिण्याच्या मध्येच केवळ वाचण्यापुरती करून टाकते आणि ग्रबला 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असे उत्तर मिळते. लाइव्ह सत्रात ते पार्टिशन अनमाउंट करून 'एफएससीके.फॅट -ए' चालवले की दोष निघून जातो. वीज जाऊन किंवा बटण दाबून विंडोज अनेकदा बंद झालेले असेल, तर मी हीच तपासणी पहिली करीन.

नोंद करण्याचे काम फसते ते निराळ्या कारणाने. 'ईएफआय-बूट-एमजीआर' या साधनाने 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असे म्हटले, तर डिस्क भरली असे वाटते. भरलेली असते ती एनव्हीरॅम. ही स्मृती फार लहान असते, आणि कर्नल कोसळल्यावर त्याचा अखेरचा जबाब 'डंप-टाइप०' अशा नावाने तीत साठतो. /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स या फोल्डरात अशा फायली असतील, तर तेवढ्याच काढाव्यात. त्या फोल्डरातील इतर कशालाही हात लावू नये. २०१६ च्या आरंभी हे फोल्डर सरसकट पुसले गेल्यामुळे काही लॅपटॉप कायमचे निकामी झाल्याची प्रकरणे गाजली होती, आणि त्यानंतर बहुतेक नोंदी सहज पुसता येऊ नयेत असे कुलूप कर्नलमध्येच घालण्यात आले. डंपच्या फायली काढून झाल्यावर यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे, म्हणजे फर्मवेअर आपली स्मृती आवरून घेते.

काही फर्मवेअर इतके हटवादी असते की नोंद नीट झाली तरी पुढच्या वेळी ती विसरते आणि विंडोजचीच फाइल चालवते. त्यासाठी यूईएफआयच्या नियमांतच एक पळवाट ठेवली आहे. कोणतीच नोंद उपयोगी पडली नाही, तर फर्मवेअरने /ईएफआय/बूट या फोल्डरातील 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल चालवावी असे ठरलेले आहे. ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय दिला की ग्रब त्या ठिकाणी बसतो. डेबियनमध्ये ग्रबचे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर केले की याविषयी थेट प्रश्नच विचारला जातो. विंडोजची फाइल नाव बदलून तिच्या जागी ग्रब ठेवण्याची युक्ती काही जण सुचवतात. विंडोजच्या पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये ती उलटते, म्हणून मी ती सुचवत नाही.

फास्ट स्टार्टअप बंद केलेत हे बरे केलेत, पण या बिघाडाशी त्याचा संबंध थोडाच आहे. डिस्कच इन्स्टॉलरला दिसत नसेल तर मात्र फर्मवेअरमध्ये साठवणीची पद्धत रेड किंवा व्हीएमडीवर आहे का ते पाहावे लागते. ती किंवा सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) बदलण्याआधी विंडोजची डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर लिनक्स बसेल आणि विंडोज कुलूपबंद होईल.

प्रश्न : विंडोज पुन्हा घातल्यानंतर ग्रब गेला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब-इन्स्टॉल दिले, तर '/काऊ' चा कॅनॉनिकल पाथ मिळत नाही असे उत्तर येते. हे 'काऊ' काय आहे? — एक छायाचित्रकार, मडगाव

उत्तर : ते तुमच्या डिस्कवरचे काही नाही. लाइव्ह सत्राची मूळ फाइल सिस्टीम पेनड्राइव्हवर केवळ वाचण्यापुरती असते आणि तुम्ही केलेले बदल रॅममध्ये एका वरच्या थरावर ठेवले जातात. त्या थराला हे नाव आहे. काही लाइव्ह सत्रांत तेथे 'ओव्हरले' दिसते. म्हणजे तुम्ही लाइव्ह सत्रावरच ग्रब बसवायला निघालात, आणि रॅममधल्या थराला डिस्कवर ठावठिकाणा नसल्यामुळे ग्रबने नकार दिला. ग्रबचा नकार येथे तुमच्या फायद्याचा आहे.

करायचे ते असे. आधी 'एलएसबीएलके -एफ' या आज्ञेने लिनक्सचे मूळ पार्टिशन आणि ईएफआय सिस्टीम पार्टिशन कोणते ते ओळखावे. एनव्हीएमई डिस्कवर त्यांची नावे एनव्हीएमई०एन१पी२ अशा धर्तीची असतात. मूळ पार्टिशन /एमएनटी येथे माउंट करावे. बूटसाठी वेगळे पार्टिशन केले असेल तर ते /एमएनटी/बूट येथे, आणि ईएफआय सिस्टीम पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआय येथे, याच क्रमाने. बीटीआरएफएस असेल तर मिंट आणि उबुंटू मूळ फायली '@' या उपखंडात ठेवतात, तेव्हा माउंट करताना 'सबव्हॉल' या पर्यायात तो सांगावा लागतो. नाहीतर /एमएनटी मध्ये ओळखीचे एकही फोल्डर दिसणार नाही. कूटबद्ध डिस्क असेल तर त्याही आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' देऊन ती उघडावी.

मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन ही चालू सत्राची फोल्डरे /एमएनटी मध्ये जोडून द्यावीत. या पायरीवर बहुतेक लिखित मार्गदर्शनांत एक उणीव असते. त्यांत 'बाइंड' हा पर्याय दिलेला असतो. तो फक्त वरचे फोल्डर जोडतो, त्याच्या पोटात स्वतंत्रपणे माउंट केलेले काही असेल तर ते जोडत नाही. आणि एनव्हीरॅमच्या नोंदी दाखवणारे ईएफआयव्हार्स हे नेमके /सिस च्या पोटातले स्वतंत्र माउंट आहे. त्यामुळे पुढे 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' असा संदेश येतो आणि माणूस विनाकारण फर्मवेअरच्या सेटिंगांत शिरतो. म्हणून 'बाइंड'ऐवजी 'आर-बाइंड' वापरावे. लाइव्ह सत्रच बायॉस पद्धतीने सुरू झाले असेल तर मात्र तोच संदेश खरा असतो आणि पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने पुन्हा सुरू करण्याला पर्याय नसतो.

यानंतर 'सुडो क्रूट /एमएनटी' म्हटले की टर्मिनल तुमच्या बसवलेल्या लिनक्समध्ये शिरते. तेथे ग्रब-इन्स्टॉल आणि त्यापाठोपाठ अपडेट-ग्रब द्यावे. यूईएफआय पद्धतीत ग्रब-इन्स्टॉलला डिस्कचे नाव देण्याची गरज नसते. मेनूत विंडोज दिसले नाही तर घाबरू नका : ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या प्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत 'ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर' समोर 'फॉल्स' लिहावे आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवावे.

बूट-रिपेअर नावाचे साधन हे सारे एका बटणात करते. मी ते त्याच्या अहवालासाठी वापरतो. डिस्कांची मांडणी आणि बूटलोडरांची ठिकाणे त्यात एकत्र वाचायला मिळतात. दुरुस्तीचे बटण दाबण्याआधी तो अहवाल स्वतः वाचावा, कारण एकाहून अधिक डिस्का असल्या की ते साधन नको त्या डिस्कवरही ग्रब बसवू शकते.

प्रश्न : बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर मिंट घातले. ग्रबसाठी तीच डिस्क निवडली होती. आता एसएसडी काढली की लॅपटॉप 'ग्रब' अशा रिकाम्या ओळीवर थांबतो, आणि ती दुसऱ्या यंत्राला लावली तर सुरूच होत नाही. — एक पत्रकार, इंदूर

उत्तर : मिंट आणि जुने उबुंटू ज्या युबिक्विटी इन्स्टॉलरवर चालतात त्याचा हा प्रसिद्ध दोष आहे. यूईएफआय पद्धतीत तो तुमच्या निवडीकडे लक्ष न देता पहिल्या सापडलेल्या ईएफआय सिस्टीम पार्टिशनमध्ये, म्हणजे सहसा आतल्या डिस्कवर, ग्रब ठेवतो. त्या ग्रबच्या बाकीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर राहिल्या. ती काढली की त्याला मेनूच मिळत नाही. विंडोज सुरक्षित आहे. बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडले की ते चालू होईल आणि फर्मवेअरमध्ये त्याचा क्रम पहिला करता येईल.

बाहेरच्या एसएसडीवर स्वतःचे ईएफआय सिस्टीम पार्टिशन करावे, मडगावच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे क्रूटमध्ये शिरावे, /बूट/ईएफआय येथे हे नवे पार्टिशन माउंट करावे आणि ग्रब-इन्स्टॉल 'रिमूव्हेबल' पर्यायासह द्यावे. त्यामुळे ती एसएसडी कोणत्याही यूईएफआय यंत्रावर सुरू होईल, कारण दुसऱ्या यंत्राच्या एनव्हीरॅममध्ये तुमची नोंद असण्याची गरजच उरत नाही. /ईटीसी/एफएसटॅब मध्ये /बूट/ईएफआय समोरचा जुना यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) बदलायला विसरू नका. तो तसाच राहिला तर आतली डिस्क नसलेल्या यंत्रावर मिंट अर्ध्या वाटेत थांबेल. पुन्हा कधी असे करायचे झाले, तर इन्स्टॉलर सुरू करण्याआधी जी-पार्टेडमध्ये आतल्या पार्टिशनवरील 'बूट' आणि 'ईएसपी' या खुणा काढून ठेवाव्यात आणि काम झाल्यावर परत लावाव्यात.

प्रश्न : विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सऐवजी 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश येऊन यंत्र बंद होते. ग्रब पुन्हा बसवला, फरक नाही. — एक बँक कर्मचारी, जळगाव

उत्तर : ग्रब बसलेलाच होता, म्हणून तो पुन्हा बसवून फरक पडला नाही. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअर आधी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम तपासते. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे ग्रबला तपासतो. जुन्या, सुरक्षेत भोक असलेल्या शिम आणि ग्रबच्या आवृत्त्या नाकारण्यासाठी एसबॅट ही आवृत्तीक्रमांकांची यादी वापरली जाते. विंडोजच्या १३ ऑगस्ट २०२४ च्या सुरक्षा अपडेटने ती यादी पुढे नेली. शेजारी लिनक्स असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही असे सांगण्यात आले होते, पण अनेक ठिकाणी झाली आणि जुने शिम असलेली यंत्रे अडकली.

फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, बिटलॉकरची की हाताशी ठेवूनच. लिनक्स सुरू झाले की 'मोकयूटिल' या साधनाने एसबॅट धोरण 'डिलीट' असे ठेवा, एकदा पुन्हा सुरू करा, आणि मग शिम व ग्रब यांची साइन्ड पॅकेजे अद्ययावत करून सिक्युअर बूट चालू करा. क्रम उलटा केला, म्हणजे पॅकेजे जुनीच ठेवून सिक्युअर बूट चालू केले, तर विंडोजचे पुढचे अपडेट तुम्हाला पुन्हा येथेच आणून सोडण्याची शक्यता आहे.

प्रश्न : वरील सारे फेडोरा लिनक्सला लागू आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : निदान लागू आहे, आज्ञा नाहीत. यूईएफआय यंत्रावर फेडोरात ग्रब२-इन्स्टॉल देऊ नये. ते साधन तेथे स्वतःच नकार देते, कारण त्यातून तयार होणाऱ्या फाइलीवर सही नसते आणि सिक्युअर बूटमध्ये ती चालत नाही. क्रूटमध्ये शिरून 'डीएनएफ रीइन्स्टॉल' या आज्ञेने शिम-एक्स६४ आणि ग्रब२-ईएफआय-एक्स६४ ही पॅकेजे पुन्हा घालावीत, सही असलेल्या फायली आपल्या जागी परत येतात. नोंद गेली असेल तर ती ईएफआय-बूट-एमजीआरने करावी, आणि तीत ग्रबच्या नव्हे तर शिमच्या फाइलीचा पत्ता द्यावा.